कोणता अश्वत्थामा?

औषध सांगायला डॉक्टर असावे लागत नाही, ही आपल्याकडची फार जुनी समजूत. चारचौघांत नुसते शिंकून पाहावे. अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध, वाफारा आणि कुणाच्या तरी मेहुण्याला गुण आलेला काढा, एवढे सगळे खिशातून रुमाल निघायच्या आत हजर होते. माणसाच्या बाबतीत निदान एक सोय असते. रोगी बोलता असतो. 'नको हो तो काढा, काल घेतला आणि रात्रभर जागा होतो,' असे तो सांगू शकतो. मुक्या जनावराकडून ही हरकत यायची भीती नाही. त्यामुळे त्याला औषध सुचवणाऱ्यांचा उत्साह अंमळ जास्तच असतो.

पूर्वी हा उत्साह गल्लीपुरता होता. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. आमच्या इमारतीचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. पाण्याची टाकी कधी धुवायची आणि कुणाची स्कूटर कुणाच्या जागेत उभी आहे, एवढ्यासाठी तो निघाला होता. इमारतीत तीन कुत्रे, चार मांजरे आणि पहिल्या मजल्यावर एक पोपट आहे असा शोध लागल्यापासून त्याचा जनावरांचा दवाखाना झाला आहे. दवाखान्यात फक्त डॉक्टर तेवढा नाही.

यात मराठीच्या मास्तराने नाक खुपसायचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण आहे. आमचा धंदाच मुळी 'हे कुणी लिहिले, कुणाविषयी लिहिले आणि मधे कुणी काय घुसडले' हे पाहण्याचा. हस्तलिखित पोथ्यांविषयी आम्ही मुलांना पहिली गोष्ट सांगतो ती ही, की नकलणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. त्याला डुलकी लागते, एक ओळ गळते. कुणी समासात लिहून ठेवलेली टीप पुढचा नकलणारा भक्तिभावाने मूळ मजकुरात घेतो. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला एकनाथांना बसावे लागले ते शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली. ग्रंथ होऊन तेव्हा पुरती तीनशे वर्षेही झाली नव्हती. आणि शुद्ध केल्यावर, यात कुणी आपल्या पदरच्या ओव्या घालू नका, अशी ताकीदही त्यांना द्यावी लागली. फोनवरच्या औषधाला तीनशे वर्षे लागत नाहीत. सोमवारी 'डॉक्टरांना विचारून' असे दोन शब्द घेऊन निघालेला मजकूर गुरुवारी आमच्याकडे पोचतो तेव्हा ते दोन शब्द वाटेत गळालेले असतात, आणि शेवटी हात जोडल्याची दोन चित्रे वाढलेली असतात.

बरे, हे सगळे मजकूर धडधडीत खोटे असते तर काम सोपे होते. तसे ते नसतात. ते बहुधा धर्मराजाच्या जातीचे असतात. अश्वत्थामा मेला हे त्याने सांगितले, ते खोटे नव्हतेच. फक्त कोणता अश्वत्थामा, द्रोणाचा मुलगा की त्या नावाचा हत्ती, एवढेच नीट ऐकू आले नाही, आणि तेवढ्यावर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. 'या गोळीने ताप उतरतो' हे वाक्य खरे आहे. कुणाचा, हे त्यात नाही.

तळमजल्यावरच्या काकूंकडे मनी नावाची मांजर होती. करड्या रंगाची, तीन किलोंची, स्वभावाने थोडी शिष्ट. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी तिने खाल्ले नाही आणि ती कपाटाखाली जाऊन बसली. समूहावर एक मजकूर फिरत होता : मांजराचे नाक कोरडे आणि कान गरम असतील तर ताप समजावा, आणि माणसाची तापाची गोळी पाव भाग करून मधातून द्यावी. काकूंनी नाक पाहिले, कान पाहिले. माणूस काही निष्काळजी नाही. उलट पाव म्हणजे पावच व्हावा म्हणून त्यांनी गोळी सुरीने मापून कापली. सकाळी मनीचे तोंड सुजले होते, ती धापा टाकत होती आणि हिरड्या तपकिरी दिसत होत्या. मी रिक्षा आणली. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "पॅरासिटामॉल दिलंत का?"

हा प्रश्न त्यांना कसा सुचला, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. आता वाटत नाही. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलला दुसऱ्या एका द्रव्याशी बांधून शरीराबाहेर काढते. बांधण्याची ही युक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. मांजर मूळचे निव्वळ मांसाहारी. झाडपाल्यातली नाना विषे निस्तरण्याची वेळ त्याच्या पूर्वजांवर फारशी आली नसावी, असे शास्त्रज्ञ म्हणतात. मग ती गोळी शरीरातच राहून रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप पालटवते. रक्त वाहते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. हिरड्या तपकिरी होतात त्या यामुळे. माणसाची एक साधी गोळी मांजराला मारायला पुरेशी असते, आणि पाव गोळीही तीन किलोंच्या देहाला फार होते. याला उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो. डॉक्टरांनी तो दिला, प्राणवायू लावला. मनी तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

आता तापाची गोष्ट. कोरडे नाक म्हणजे ताप, ही समजूतच निराधार आहे. उन्हात झोपून उठलेल्या धडधाकट मांजराचे नाक कोरडेच असते. आणि कुत्र्यामांजरांचे अंग आपल्या हाताला गरम लागायचेच. कुत्र्याची नेहमीची उष्णता 101 ते 102.5 अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. आपल्याला 102 म्हणजे अंथरूण, त्याला 102 म्हणजे प्रकृती ठणठणीत. मनीला ताप होता की नाही हेही कुणी पाहिले नव्हते. ताप थर्मामीटरने समजतो, आणि तो जनावराच्या तोंडात लावायचा नसतो.

काकूंना कुणी बोलले नाही. बोलण्यासारखे होतेही काय? समूहावर मात्र 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणाऱ्यांत तो मजकूर धाडणारे गृहस्थ पहिले होते.

हाच अश्वत्थामा कुत्र्याच्या गोचिडांच्या औषधातही बसलेला असतो. कुत्र्याच्या पाठीवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते. मांजराला त्याने झटके येतात, जीवही जातो. घरात दोन्ही असली की लोक काटकसर म्हणून एकाचे उरलेले दुसऱ्याला लावतात.

मांजराच्या बाबतीत आपली भाषाही थोडी गुन्हेगार आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. दुधातली साखर पचवणारा पाचकरस पिल्लाच्या पोटात भरपूर असतो आणि मांजर वाढते तसा तो कमी होत जातो. म्हणून पुष्कळ मोठ्या मांजरांना गाईम्हशीच्या दुधाने ढाळ होते. ते पिते, आवडीने पिते. पण आवडणे आणि पचणे यांत अंतर असते, हे दिवाळीच्या अंकात मी कुणाला समजावून सांगायला नको. म्हण राहू द्यावी, वाटी उचलावी.

'नैसर्गिक' या विशेषणानेही फार घोटाळा केला आहे. औषधाच्या आधी ते लागले की वाचणाऱ्याची शंका संपते. गोचिडांवर लसूण खाऊ घाला, नैसर्गिक आहे. कापूर तेलात घालून चोळा, नैसर्गिक आहे. अहो, कण्हेर आणि धोतराही नैसर्गिकच आहेत, दारात उगवतात. कांदालसणाने कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी फुटतात. मांजराला तर फार थोडे पुरते. कापूर अंगावरून चाटला जातो, आणि पोटात गेला की झटके येऊ शकतात. गोचिडाचे मात्र काही बिघडत नाही.

पण सर्वांत जिवावरचा भाग हा नव्हे. तो कुत्रा चावल्यानंतरचा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाला या उन्हाळ्यात गल्लीतल्या पिल्लाने पोटरीला दात लावला. फार नाही, दोन टिंबे उठली. त्यावर घरात जे सल्ले जमले ते मी दारात उभा राहून ऐकले. एक म्हणाला, तिखट भर. दुसरा म्हणाला, हळद आणि चुना. (आपल्याकडे 'पी हळद आणि हो गोरी' या म्हणीला सगळे हसतात आणि हळद मात्र सगळ्याला लावतात.) तिसऱ्याचे मत असे की पिल्लू लहान आहे, पिल्लाला पिसाळ नसतो. चौथ्याने सांगितले की घरचे पाळलेले असते तर काळजी होती, हे भटके आहे, त्याला सवय असते! याचा अर्थ मला अद्याप लागलेला नाही. आणि मुलाची आजी, म्हणजे आमच्या मावशी, एवढेच म्हणत होत्या, "दहा दिवस कुत्रं बघायचं. जगलं तर सुई नको. पोटात चौदा सुया सोसायच्या नाहीत माझ्या लेकराला."

या शेवटच्या बोलण्यात दोन अर्धी सत्ये एकाला एक बांधलेली आहेत, ती सोडवून पाहण्यासारखी आहेत.

चौदा सुयांची भीती उगीच नाही. 6 जुलै 1885 रोजी पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचवली ती पोटाच्या कातडीखालीच, आणि अकरा दिवसांत तेरा वेळा टोचवली. पुढे आपल्याकडे कसौलीला सेम्पल यांनी 1911 मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली. तीही पोटात देत, रोज एक, आणि पुष्कळांना चौदापर्यंत घ्याव्या लागत. तिने क्वचित चेताविकारही होत. ज्यांनी ती घेतली त्यांच्या तोंडची ही हकीगत खरीच आहे. फक्त ती जुनी आहे. 2004 च्या डिसेंबरात आपल्या देशात त्या लसीचे उत्पादन थांबले. आताची लस दंडात देतात. स्नायूत दिली तर पाच वेळा, म्हणजे चावल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत दिली तर चार खेपांत काम होते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. पण पोटातल्या चौदा सुया काही गेल्या नाहीत. त्या गोष्टीत शिल्लक आहेत, आणि गोष्टीतली सुई अजून माणसाला दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरवते.

दुसरे दहा दिवसांचे. हा नियम डॉक्टरांचाच आहे, अगदी खरा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विष उतरले की तो फार दिवस काढत नाही. दहा दिवसांनंतर कुत्रा खातोपितो आहे म्हटल्यावर चावताना त्याच्या लाळेत ते नव्हते असे समजतात. पण मूळ नियमात आधी एक वाक्य आहे : सुया पहिल्या दिवसापासून सुरू करायच्या. दहा दिवसांनी कुत्रा ठीक दिसला तर पुढच्या सुयांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. नकलणाऱ्याने पहिले वाक्य गाळले आणि दुसरे ठेवले. नुसत्या दुसऱ्या वाक्यावर राहिले तर दहा दिवस हातचे जातात. आणि हा रोग एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. शिवाय भटके पिल्लू दहा दिवस एका जागी बसून स्वतःला पाहू देते, हेही गृहीत धरलेले.

मुलाला आम्ही मोरीत नेले आणि नळ सोडून साबणाने पोटरी धुतली. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मुलाला त्याचा कंटाळा आला, मावशींना तो खेळ वाटला. पण रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे एक वेष्टन असते आणि साबणाने ते विरघळते. इतके स्वस्त आणि इतके गुणकारी औषध दुसरे नसेल. स्वस्त असल्यामुळेच बहुधा ते कुणी पुढे पाठवत नाही. तिखट, चुना, हळद यांनी जखम चिडते आणि धुण्याची वेळ मात्र जाते. मग मावशी, मुलगा आणि मी असे तिघे सरकारी दवाखान्यात गेलो. दात खोल लागला आहे म्हणून त्याला जखमेभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही दिले. मुलगा त्या वेळी रडला. दंडातल्या सुईला रडला नाही. चार खेपा झाल्या. परवा तो शाळेच्या कवायतीत होता.

आता थोडे उलट. ऐकायला निखालस भाकडकथा वाटाव्यात अशा काही गोष्टी अगदी खऱ्या निघाल्या आहेत, तेव्हा सांगोवांगीचे सगळेच केरात टाकून चालणार नाही. चॉकलेटने कुत्रा मरतो म्हणतात, हे श्रीमंतांच्या कुत्र्यांचे थेर वाटते. पण कोकोमध्ये थिओब्रोमीन नावाचे द्रव्य असते आणि ते कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. चॉकलेट जितके काळे आणि कडू तितके ते अधिक. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हेही खरे. किती खाल्ल्यावर, ते मात्र आधी सांगता येत नाही. म्हणून 'आमचा मोती रोज द्राक्षे खातो, त्याला काही होत नाही' हा दाखला मोतीपुरताच धरावा. याचे कारण बरीच वर्षे सापडत नव्हते. अमेरिकेत विषबाधेची विचारपूस ज्यांच्याकडे होते अशा पशुवैद्यांनी 2021 मध्ये टार्टारिक आम्लावर बोट ठेवले. ते आम्ल असलेली बेकरीची एक पूड खाऊन कुत्रे तसेच आजारी पडलेले त्यांना दिसले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक पदार्थ त्या यादीत घातला, तो चिंच. अजून ही बळकट शंका आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण आमटीभात कालवून कुत्र्यापुढे ठेवणाऱ्या आपल्या घरांना ती ठाऊक असलेली बरी. चिंचेची आमटी, वरून कांदालसणाची फोडणी. आपल्याला पक्वान्न, मोतीला दुहेरी संकट.

बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा यासाठीच आठवला. आणि मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेली साखर नसलेली मिठाई किंवा गोळ्या असतील तर डब्यावर झायलिटॉल हे नाव आहे का पाहावे. माणसाला ते निरुपद्रवी; कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने अर्ध्याएक तासात धोक्याच्या खाली जाऊ शकते, यकृतावरही येते. मिठाईने कुत्र्याला जंत होतात, ही समजूत मात्र चुकीची. पिल्लाला जंत बहुतेक वेळा आईच्या पोटातूनच मिळतात, पेढ्यातून नव्हे. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की जंताचे औषध सुरू करतात.

कुत्र्याचे वय सातने गुणायचे, हे गणित शाळेच्या वहीतही सापडेल. त्यात जीव नाही. 2020 मध्ये सॅन डिएगोच्या संशोधकांनी लॅब्रडॉर कुत्र्यांच्या पेशींतल्या वयाच्या खुणा माणसाच्या खुणांशी ताडून पाहिल्या, तेव्हा वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीशी जुळला. पुढे त्याचे वय हळूहळू वाढते. म्हणजे आधी तो धावत म्हातारा होतो आणि मग चालत.

हे लिहीत असताना फोन वाजला. दिवाळी आली, तेव्हा फटाक्यांचा मजकूर आलाच : कुत्रा घाबरत असेल तर जायफळ उगाळून चाटवावे, लहान बाळाला देतो तसे, गाढ झोपतो. पुन्हा तोच प्रश्न, कोणता अश्वत्थामा? जायफळ पोटात जास्त गेले तर कुत्र्याच्या छातीत धडधड होते, तोल जातो, त्याला भलभलते भास होतात. तो पडून राहतो हे खरे, पण ती झोप नव्हे. झोपेच्या काही गोळ्यांचेही तसेच. जुनी एक गोळी अशी आहे की तिने कुत्र्याचे अंग ढिले पडते आणि भीती मात्र आत तशीच जागी राहते. तो पळू शकत नाही एवढाच फरक. भीतीवर चालणारी औषधे आता आहेत, पण ती लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता धावत जाऊन आणायची नसतात. आठवडाभर आधी डॉक्टरांना कुत्रा दाखवून ठेवावा लागतो. घरात करण्यासारखे साधेच आहे : संध्याकाळच्या आत फिरवून आणावे, आतल्या खोलीचे पडदे ओढावे, पंखा आणि रेडिओ लावावा, तो पलंगाखाली गेला तर ओढून काढू नये, आणि जवळ आला तर खुशाल थोपटावे. थोपटल्याने भीती वाढते, हाही एक मजकूरच आहे.

मी समूहावर एवढेच लिहिले की जायफळ नको. ताबडतोब तिसऱ्या मजल्यावरून विचारणा आली, "सर, तुम्ही मराठीचे ना?" मी होय म्हणालो. त्याखाली तळमजल्यावरच्या काकूंनी जनावरांच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि दिवाळीतल्या वेळा लिहिल्या : सकाळी नऊ ते साडेबारा, पाडव्याला बंद.